पहिलं पान आम्ही घालवलंय

बारकीला बारकी म्हणायचं खरं तर काही कारण नव्हतं. उंचीने ती घरात सगळ्यांच्या वर, आवाजाने अख्ख्या गल्लीच्या वर. पण चार भावंडांत शेवटची, म्हणून माहेरी पडलेलं नाव लग्नानंतर तिच्या मागोमाग सासरी आलं आणि चाळिशी उलटली तरी पिच्छा सोडेना. "बारकी, तो वरचा डबा काढून दे गं," असं सासूबाई म्हणायच्या तेव्हा पाहुण्यांना हसू यायचं. बारकीला येत नसे.

ती खोकी काढायची. म्हणजे औषधांची, साबणाची, टूथपेस्टची खोकी छापणाऱ्या एका कंपनीत डिझायनर होती. डिझायनर म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांसमोर काय येत असेल ते येवो. बारकीच्या डोळ्यांसमोर गेली कित्येक वर्षं मधाचा एक थेंब होता. खोकल्याच्या औषधाच्या खोक्यावरचा. साहेब तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहायचे, मान तिरकी करायचे आणि म्हणायचे, "थेंब छान आहे हो. पण आणखी जरा गोड नाही का करता येणार?" आता थेंब गोड कसा करतात? बारकीने तो लांब केला, गोल केला, पिवळा केला, तांबूस केला, त्याला चमक दिली, चमक काढली. शेवटी वैतागून सगळ्यात पहिला थेंब जसाच्या तसा पुन्हा समोर ठेवला, तर साहेब खूश. "बघा! मनावर घेतलं की जमतं तुम्हाला!"

अशी बाई संध्याकाळी घरी आल्यावर स्वतःसाठी काहीतरी काढायला तडफडणार नाही तर काय करणार? मोठं काही नाही. दाराशी पडलेल्या चपला, अर्धवट उघडं कपाट, खुर्चीवर टाकलेला टॉवेल. पण दुकानातल्या वह्या बघूनच तिचं डोकं फिरायचं. डिंकाने चिकटवलेल्या. दोन्ही हातांनी दाबून धरलं तरच उघड्या राहणाऱ्या. "दोन्ही हात वही धरायलाच लागणार, तर मी चित्र काय पायाने काढू?" असं ती एकदा दुकानदाराच्या तोंडावर म्हणाली होती. दुकानदाराने 'चित्र' एवढंच ऐकलं आणि तिला पेन्सिल दाखवली.

म्हणून तिने स्वतःच एक वही केली. छापखान्यात नमुन्याला आलेल्या कागदाचे चांगले जाड ताव पडून होते, ते आणले. घड्या घालून जुड्या केल्या, जुड्या दोऱ्याने शिवल्या, वर तपकिरी पुठ्ठा. वही टेबलावर ठेवली की आपोआप सपाट उघडायची आणि उघडीच राहायची. बारकीने तिच्यावरून हात फिरवला आणि पेन्सिल उचलली. आणि बसली.

बसली ती बसलीच. पान इतकं कोरं, इतकं सुंदर, की पहिली रेघ मारायची छातीच होईना. काहीतरी भिकार निघालं तर? असल्या वहीत पहिलंच पान वाया? तिने वही मिटली. दुसऱ्या दिवशी उघडली, पुन्हा मिटली. पंधरवडा हेच. खोक्यावरचा थेंब ती डोळे मिटून काढू शकत होती, आणि स्वतःच्या वहीसमोर मात्र परीक्षेला बसल्यासारखी घाम पुसत होती. स्वतःचा इतका राग तिला कधीच आला नव्हता.

आणि मग एक दिवस सासूबाईंनी ती वही नासवली.

झालं असं की दारात कुरिअरवाला उभा होता, सही पाहिजे होती आणि पेन चालेना. सासूबाईंनी हाताला लागेल ते उघडलं आणि पहिल्या पानावर पेन चालतं का बघितलं. आधी सावकाश दोन गोल. काही नाही, नुसता ओरखडा. मग भराभर गोल. मग चिडून आडव्या-उभ्या रेघा, आणि एकदम शाई सुटल्यावर या कडेपासून त्या कडेपर्यंत एक लांबलचक, विजयी रेघ. सही केली, पार्सल घेतलं, वही होती तशी ठेवली.

बारकी घरी आली, वही उघडली, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आई! हे काय आहे?"

"काय आहे? पेन चालत नव्हतं."

"म्हणून माझी नवी वही?"

"कोरीच तर होती," सासूबाई म्हणाल्या. "पंधरा दिवस बघतेय, तुझं काही चाललंय असं दिसत नव्हतं. मला वाटलं पडीक आहे."

सासूबाई निवृत्त शिक्षिका. उभा जन्म पोरांची अक्षरं सुधारण्यात गेलेला, आणि त्यामुळे समोरच्याची चूक नेमकी दुखऱ्या जागी पकडायची त्यांना सवयच होती. बारकीने रागारागाने पान उलटलं आणि दुसऱ्या पानावर सासूबाईंचेच हात काढले. पेन घट्ट धरलेले, हट्टी, बोटांच्या सांध्यांवर सुरकुत्या पडलेले. रागात काढले, भराभरा काढले, आणि चित्र संपल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण चित्र काढलं. पुढच्या पानावर चपला काढल्या. त्याच्या पुढच्या पानावर कपाट. पहिलं पान गेलं होतं, आता घाबरायचं कशाला?

ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला तिने हे सगळं तोंड वाकडं करून सांगितलं. मैत्रीण पोट धरून हसली आणि मग हळूच म्हणाली, "मला पण एक करून दे ना. घरी सहा वह्या पडल्यात माझ्या, सगळ्या कोऱ्या. भीतीच वाटते."

बारकीने तिच्यासाठी वही शिवली आणि पहिल्या पानावर स्वतःच गिचमिड केली. मैत्रिणीने पान बघितलं आणि म्हणाली, "किती छान काढलंयस!" झालं? सगळं मुसळ केरात. इतकी वर्षं रेघा जागच्या जागी बसवलेला हात. तो चुकला तरी देखणाच चुकायचा. नवरा म्हणाला, आण, मी करतो. नवरा पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत होता, बाटल्यांवर चिठ्ठ्या लावण्यात आयुष्य गेलेलं. त्याने पाच वह्यांवर गिचमिड केली आणि पाचही सारख्याच. पट्टीने मोजली असती तरी फरक सापडला नसता.

शेवटी बारकी सासूबाईंकडे गेली. नाक मुठीत धरून गेली. "आई, तुम्ही तेव्हा केलं होतं ना, तसं जरा या वह्यांवर करा."

"मुद्दाम?" सासूबाईंनी चष्मा काढला. "कोऱ्या वहीवर मी मुद्दाम घाण करू? पोरांना याच्यासाठी बाकावर उभं केलंय मी."

आणि कशीबशी तयार झाल्या, तर कागदावर उतरलं काय, एक स्वच्छ सरळ रेघ. बारकीने कपाळावर हात मारला. जगात इतके लोक, इतके हात, आणि तिला पाहिजे होता तो नेमका या बाईचा, तोही या बाईचं लक्ष नसताना!

त्यावर तिने जी युक्ती काढली ती मात्र तिच्याच डोक्यातून निघू शकते. गल्लीच्या टोकाला एक शाळा होती, तिथे मुलांसाठी जुनी पेनं गोळा करायचे. बारकीने आपल्या ऑफिसातली, नवऱ्याच्या प्रयोगशाळेतली, ओळखीपाळखीतली सगळी अर्धमेली पेनं पिशवी भरून आणली आणि सासूबाईंपुढे ओतली. "आई, शाळेला द्यायची आहेत. चालणारी कुठली, बघून द्याल? आणि बघायला या वह्यांचं पहिलं पान वापरा, एका वहीला दोन-तीन पेनं, म्हणजे दुसरा कागद फुकट जायला नको."

शाळा म्हटल्यावर सासूबाई ताठ झाल्या. त्यांनी तीन डबे मागून घेतले. एक चाललेल्या पेनांचा, एक गेलेल्यांचा, आणि एक ज्यांच्यात अजून धुगधुगी होती त्यांचा. एकेका पेनाशी त्या झुंजायच्या. गोल, पुन्हा गोल, चिडचिड, फराटे, आणि आलीच शाई तर ती लांब विजयी रेघ. प्रत्येक पान निराळं, कारण प्रत्येक पेन निराळं मेलं होतं. चाललेली पेनं खरोखरच शाळेत जायची. आणि खाली उरायची ती बारकीची वही, पाहिजे तशी नासलेली.

वहीला नाव दिलं 'गिचमिड'. पुठ्ठ्यावर बारीक अक्षरात एक ओळ छापली: पहिलं पान आम्ही घालवलंय, आता तुम्ही सुरू करा. सासूबाईंनी ती वाचली आणि म्हणाल्या, "वापरलेल्या वह्या लोकांना विकतेस! निदान कबूल करतेस, तेवढं तरी बरं आहे."

मैत्रिणीने आपल्या वहीचा फोटो फोनवर टाकला आणि बारकीच्या नाकी नऊ यायला सुरुवात झाली. आधी ओळखीचे, मग ओळखीच्यांचे ओळखीचे, मग कुणी कुठले, ज्यांची काही ओळखच नाही असे. शिवायला हात पुरेना म्हणून एक बाइंडर गाठला. त्याच्याकडे कुठल्याही प्रश्नाला एकच उत्तर होतं, "होऊन जाईल." दोरा संपला? होऊन जाईल. पुठ्ठा उलटा लागला? होऊन जाईल. पाहुण्यांची खोली वह्यांची झाली आणि पाहुणे यायचे बंद झाले, हा एक फायदा. जेवायच्या टेबलावर ताटं एका कडेला, पार्सलं मधोमध. नवरा प्रत्येक पार्सलाला चिठ्ठी लावायचा, चिठ्ठीवर दुसरी चिठ्ठी लावायचा.

आणि गिऱ्हाइकं! एकाने लिहिलं, "माझ्या वहीचं पहिलं पान कुणीतरी खराब केलेलं आहे, बदलून द्या." अरे बाबा, पुठ्ठ्यावर काय लिहिलंय ते वाच की! दुसरी म्हणाली, "माझ्या बहिणीचं पान माझ्यापेक्षा जास्त खराब आहे, मला कमी का?" बारकी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून फोनवर लोकांना समजावत होती की सगळी पानं सारख्याच प्रेमाने खराब केलेली आहेत.

पण इतका वैताग सोसत होती तो एका आशेवर. हे वाढलं तर खोकं सुटेल. तो थेंब सुटेल. या एका गोष्टीसाठी तिचा जीव टांगणीला लागला होता. रोज सकाळी ऑफिसची पायरी चढताना ती मनात म्हणायची, आणखी थोडं, आणखी थोडंच.

आणि तो दिवस येतो की काय असं खरंच वाटायला लागलं. शहराशहरांत दुकानं असलेल्या एका मोठ्या कंपनीचा खरेदीवाला घरी आला. त्याला वह्या पाहिजे होत्या, त्याही सगळ्या दुकानांसाठी. एवढी ऑर्डर मिळाली आणि नीट पोचली तर नोकरी सोडायला बारकीला कुणाला विचारायचीही गरज नव्हती. माणूस गुळगुळीत, बूट चकचकीत. त्याला 'काम बघायचं' होतं. बारकीने टाळायचा फार प्रयत्न केला, पण तो सरळ आत गेला. टेबलाशी सासूबाई एका हिरव्या पेनाशी झगडत होत्या.

"म्हणजे हे सगळं तुमच्या हातचं?" तो म्हणाला. "आजी, लोक या पानांचे फोटो काढून भिंतीवर लावतात, माहिती आहे तुम्हाला? तुम्ही कलाकार आहात, कलाकार!"

सासूबाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांचा चेहरा असा झाला की बारकीने तो त्या घरात आल्यापासून कधी बघितला नव्हता. तेव्हाच सावध व्हायला पाहिजे होतं तिने. पण ऑर्डर मिळाल्याच्या आनंदात माणसाचं डोकं ठिकाणावर असतं का?

त्यानंतर ऑफिसात औषधाचं नवं खोकं निघालं आणि बारकी पुन्हा थेंबात बुडाली. बाइंडरच्या वह्या दिवसा घरी यायच्या, सासूबाई दिवसा पेनं बघायच्या, नवरा संध्याकाळी बांधाबांध करायचा. बारकी घरी येऊन ढिगाची उंची बघायची आणि समाधानाने जेवायची. ढिगातली वही उघडून बघावी असं तिला सुचलंच नाही. आणि एका सुट्टीच्या सकाळी, सहज म्हणून, तिने एक उघडली.

पहिल्या पानाच्या मधोमध, किंचित उजवीकडे झुकलेल्या सुरेख अक्षरात लिहिलं होतं: 'हे पेन उत्तम चालते.' शिरोरेघ कशी, तर दोरी लावून ओढलेली. खाली एक छोटीशी वेलबुट्टी.

तिने दुसरी उघडली. 'हे पेन उत्तम चालते.' तिसरी. वेलबुट्टी. दहावी, विसावी, ढिगाच्या तळातली. पेनंही जुनी नव्हती, सगळीकडे सासूबाईंचं ठेवणीतलं शाईचं पेन. अर्ध्याहून जास्त ऑर्डर अशी नटूनथटून बसली होती. त्या पानाशेजारी पेन्सिल टेकवायची कुणाची हिंमत होणार? कोऱ्या पानापेक्षा हे वाईट! आणि पान काढूनही टाकता येईना. शिवलेल्या वहीत पुढचं पान फाडलं की घडीतला त्याचा जोडीदार मागून सुटतो, आणि मग सगळी वही खिळखिळी होते.

"तू रोज बांधत होतास ना या?" ती नवऱ्यावर ओरडली. "दिसलं नाही तुला?"

"दिसलं," तो म्हणाला. "मला वाटलं, सुधारणा आहे."

सुधारणा! बारकी तरातरा सासूबाईंच्या टेबलापाशी गेली. त्या चांगले कपडे घालून, केस नीट विंचरून, पाठ ताठ करून लिहीत होत्या. जवळ पेनांचा एकही डबा नव्हता.

"आई, हे काय करून ठेवलंत?"

"का? आवडलं नाही?" त्यांनी आशेने वर बघितलं. ती आशा दिसूनही बारकीची जीभ थांबली नाही. ते तिला पुढे फार दिवस लागून राहिलं.

"मला घाण पान पाहिजे होतं! घाण! साधं वाईट काढता येत नाही तुम्हाला? सगळी ऑर्डर घालवलीत माझी!"

सासूबाईंनी पेनाला टोपण लावलं, चष्मा घडी केला आणि उठून आपल्या खोलीत गेल्या. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. त्या दिवसापासून त्या टेबलाकडे फिरकल्या नाहीत. पेनांची पिशवी कोपऱ्यात तशीच. जेवायला यायच्या, पानात पडेल ते खायच्या, जायच्या.

"आईशी बोल ना तू," नवरा म्हणाला.

"तू बोल. आई तुझी आहे."

"पण ओरडलीस तू."

एरवी या माणसाला काही सुचत नसे आणि आज नेमकं सुचलं! बारकीने त्याच्याकडे असं बघितलं की तो चिठ्ठ्या लावायला निघून गेला.

खरेदीवाल्याला तिने अडचण सांगितली, तर तो हसला. "एवढंच ना मॅडम? जुन्यातलं एक चांगलं पान घ्या, स्कॅन करा आणि सगळ्या वह्यांवर तेच छापून टाका. आजींना कशाला त्रास? थोडा उशीर चालेल आम्हाला. गिऱ्हाइकाला काय कळतंय!"

म्हणजे प्रश्नच मिटला. ऑर्डर राहणार, नोकरी सुटणार, आणि सासूबाईंची मनधरणीही नको. बारकी दुपारी संगणकाशी बसली. जुन्यातलं सगळ्यात झकास पान निवडलं, एका जांभळ्या पेनाशी झालेलं घनघोर युद्ध. पडद्यावर आणलं. कोपऱ्यात एक ठिपका उगाच होता, तो पुसला. एक फराटा जरा फारच बाहेर गेला होता, तो आत घेतला. मग डावी बाजू जड वाटायला लागली, म्हणून एक गोल उजवीकडे सरकवला. मग ती लांब रेघ जराशी उचलली. असं करता करता दोन तास गेले. मागे टेकून बघते तर काय, पान मस्त जमलं होतं. देखणं, तोललेलं, आणि पार मेलेलं. खोक्यावरच्या थेंबासारखं गोड.

"अरे देवा," बारकी मोठ्याने म्हणाली. सासूबाईंनी जे केलं तेच तिने केलं होतं. छान करून ठेवलं होतं. आणि त्यांच्यावर ओरडली ती वर!

ती उठली आणि सासूबाईंच्या खोलीत गेली. त्या खिडकीशी बसल्या होत्या.

"आई, मलाही नाही जमत," बारकी म्हणाली. माफी मागायला म्हणून गेली होती, पण तोंडातून निघालं ते चिडूनच. "वाईट काढायला मलाही नाही जमत. दोन तास घालवले. माझं तुमच्याहून छान झालंय, म्हणजे तुमच्याहून बेकार झालंय."

सासूबाई बाहेरच बघत म्हणाल्या, "माझ्या शाळेतल्या शेवटच्या दिवसाचं तुला कधी सांगितलं नाही मी."

"नाही."

"शिकवत होते. अर्धा फळा लिहून झाला होता. शिपाई आला, म्हणाला, बाईंना ऑफिसात बोलावलंय. गेले तर टेबलावर फुलं, सगळे उभे, टाळ्या. मला तारीख माहीत होती, नाही असं नाही. पण मी आपली म्हटलं, फळा अर्धा राहिलाय, पोरं उतरून घेतायत, तेवढं संपवून येते. तर हेडमास्तर म्हणाले, राहू द्या हो आता, दुसऱ्या बाई पुसतील. त्यानंतर माझ्या हातचं काही बरं आहे असं कुणी म्हणालं असेल, तर तो चकचकीत बुटांचा माणूस. मग मी ते चांगलं करायचं नाही तर काय वाईट करायचं?"

या बाईच्या हातावर बारकीचं सगळं दुकान उभं होतं, आणि तिने एकदा तरी त्या हाताला बरं म्हटलं होतं का? डबे पुढ्यात ठेवले होते, युक्त्या केल्या होत्या, पण चांगला शब्द? तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती पलंगाच्या कडेवर बसली.

"चुकलं माझं, आई," ती म्हणाली. "तुमचे फराटे मला आवडतात. फार आवडतात. त्यांच्यामुळेच मी चित्रं काढायला लागले. सांगायचं राहून गेलं."

सासूबाईंनी नाक ओढलं. "मग आता त्या ऑर्डरचं काय?"

"छापून पाठवली तर राहील. नाही छापली तर गेली."

"आणि तुला काय पाहिजे?"

"मला ते ऑफिस सोडायचंय," बारकी म्हणाली. "पण ऑर्डर नसेल तर कशाच्या जोरावर सोडू?"

"माझा मुलगा पाणी तपासतो. लोक पाणी प्यायचं बंद करणार आहेत का?" सासूबाई वळून तिच्याकडे बघायला लागल्या. "हे बघ, मला उठवलं होतं. तू निदान आपल्या पायाने उठून ये. ते सगळ्यांच्या नशिबात नसतं."

बारकीने खरेदीवाल्याला फोन लावला आणि सांगितलं, छापणार नाही, हाताने होतील तेवढ्याच देईन. तो आधी हसला, मग समजावायला लागला, मग कोरडा झाला. शेवटी म्हणाला, बरं, एका दुकानापुरत्या द्या, बघू काय होतं ते. बाकीची ऑर्डर रद्द. सुंदर अक्षराच्या वह्या सासूबाईंनी शाळेत पाठवायला लावल्या. म्हणाल्या, तिथे असल्या पानाला कुणी भीत नाही, तिथे ते गिरवायला घेतात.

दुसऱ्या दिवशी बारकी साहेबांसमोर उभी राहिली आणि सोडते म्हणाली. साहेबांनी मान तिरकी केली. "थेंबाचा कंटाळा आला का? दुसऱ्या कुणाला देऊ या की थेंब. तुम्ही साबणाचा फेस घ्या!" बारकीला हसावं की डोकं आपटून घ्यावं कळेना. ती नमस्कार करून बाहेर आली. जिन्यात कठडा धरून जरा बसली. भीती गेली नव्हती, चांगली होती तेवढीच होती.

रात्री जेवताना तिने सांगितलं, "सोडली."

नवऱ्याचा घास हातातच राहिला. त्याने बायकोकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि दोघींपैकी कुणालाच काही विचारण्यात अर्थ नाही हे ओळखून घास तोंडात टाकला.

"म्हणजे आता दिवसभर घरी?" सासूबाईंनी विचारलं.

"हो."

"माझ्या डोक्याशी."

"हो. तुम्ही माझ्या डोक्याशी, मी तुमच्या."

"अवघड आहे," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी भाताचा पुढचा घास कालवला, खाल्ला, पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, "येते मी कामावर. पेनं बघताना माझ्या हाताकडे कुणी टक लावून बसायचं नाही. आणि तो बुटांचा माणूस पुन्हा घरात नको."

"नाही येणार."

"आणि अजून एक. या वेळी कामावरून कधी उठायचं ते मी ठरवणार. मध्येच कुणी फुलं घेऊन आलेलं मला चालायचं नाही."